नेपाळला दहा दिवस सेवेला जायचंय? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) परदेशात मिशन ट्रिप म्हटलं की पहिलं नाव सुचतं ते नेपाळचं. व्हिसा लागत नाही, ट्रेनने जाता येतं, लिपी आपलीच, हिंदीत बऱ्यापैकी निभावतं आणि आफ्रिकेच्या विमान तिकिटाच्या मानाने खर्च काहीच नाही. पण याच सोपेपणामुळे लोक तयारी करत नाहीत, महाबळेश्वरला रिट्रीटला निघाल्यासारखे निघतात आणि मग त्रास होतो तो तिथल्या पाळकाला (पास्टरला). आपण दहा दिवसांनी गोरखपूरहून गाडीत बसून मोकळे होतो, तो माणूस मात्र त्याच गावात, त्याच पोलीस चौकीच्या हद्दीत राहणार असतो. खालचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

आधी कायदा समजून घ्या

नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, पण त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाईही आहे. त्यानंतर २०१७ चा फौजदारी कायदा आला, तो ऑगस्ट २०१८ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १५८ प्रमाणे धर्मांतर करवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आणि हो, व्हिसा लागत नसला तरी तिथे आपण परदेशीच.

म्हणजे जायचंच नाही का? तसं नाही. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ख्रिस्ती १.७६ टक्के निघाले, म्हणजे पाच लाखांच्या वर, मंडळ्या उघडपणे भरतात, शनिवारी रस्त्यावरून भजनाचा आवाज येतो. मंडळीने बोलावल्यावर त्यांच्या उपासनेत बसणं, त्यांच्याच सभासदांना शिकवणं, हाताने काम करणं यात सहसा कुणी आडवं येत नाही. अडचण होते ती बस स्टँडवर पत्रकं वाटण्याने, अनोळखी घरात शिरून प्रार्थना करण्याने, हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या डोक्यावर हात ठेवण्याने आणि सगळ्यात जास्त म्हणजे वह्या, कपडे, तांदूळ वाटता वाटता सुवार्ता (येशूचा संदेश) सांगण्याने, कारण आमिष दाखवून धर्म बदलला हा जो आरोप होतो त्याला आपणच फोटोसकट पुरावा देतो. टीममधल्या प्रत्येकाला हे निघायच्या आधी बसवून सांगा. ज्याला पटत नाही, जो म्हणतो की प्रेषितांनीही तुरुंग सोसला, त्याला प्रेमाने घरी ठेवा. तुरुंग सोसायची हौस आपली आणि तारखा पडणार दुसऱ्याच्या नावाने, असं नको.

इतिहासही थोडा माहीत असावा. १९५१ पर्यंत देश बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. पुढे युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, त्याची स्थापना १९५४ साली झाली ती आपल्या नागपुरात, आणि सरकारशी करार करतानाच धर्मप्रचार करायचा नाही ही अट त्यांनी मान्य केली होती. तरी त्यांचं तानसेनचं हॉस्पिटल आजही पाल्पा जिल्ह्यात उभं आहे आणि डोंगरातले लोक तिथे चालत येतात. नेपाळमधली मंडळी मात्र वाढली ती मुख्यतः नेपाळ्यांमुळेच, दार्जिलिंगकडून परत आलेल्या नेपाळी ख्रिस्त्यांचा त्यात मोठा वाटा. थोडक्यात, आपण जाऊन तिथे काही सुरू करत नाही आहोत.

कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हिलाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फेसबुकवर ओळख झालेल्या कुणाच्याही निमंत्रणावर टीम नेऊ नका. आपल्या डायसिसची (बिशपच्या प्रांताची), संस्थेची किंवा बायबल कॉलेजची तिथे ओळख आहे का ते बघा. भारतातल्या बायबल कॉलेजांमध्ये शिकून गेलेले नेपाळी पाळक बरेच आहेत, तो दुवा सगळ्यात भरवशाचा. त्या पाळकाबद्दल शेजारच्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला विचारा. हे संशय घेणं नाही, हा साधा व्यवहार आहे.

मग फोनवर बोला. आम्ही येऊन अमुक अमुक करू असं सांगत सुटू नका, तुम्हाला काय हवंय ते विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या. पहिल्या फोनवर उत्तर येणार, तुम्ही या, काहीही करा, आम्हाला आनंदच आहे. हे पाहुण्याला दिलेलं उत्तर आहे. दुसऱ्या तिसऱ्या फोनला खरं कळतं. मुलांना शिकवणाऱ्या ताई-दादांना ट्रेनिंग हवं असतं, कुणाला हिशोबाची वही कशी लिहायची ते हवं असतं, कुठे वायरिंग जुनं झालेलं असतं, कुठे तरुणांना गिटार शिकायची असते, कधी तर फक्त पाळक आणि त्यांच्या बायकोला दोन दिवस कुणीतरी मनमोकळं बोलायला हवं असतं.

यातलं आपल्याला काही जमत नसेल तर खरंच सांगा आणि जाऊ नका. आपल्या नगर-जालन्याकडच्या गावांनीही बाहेरून आलेल्या टीम बघितल्यात, उन्हातान्हात चर्चची भिंत रंगवायला आलेल्या, आणि बाजूला मंडळीतलेच दोन पेंटर हाताची घडी घालून उभे, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. नेपाळमध्येही मजूर आहेत, गवंडी आहेत, आणि त्यांना रोजगार हवा आहे. भिंतच बांधायची असेल तर त्यांची मजुरी द्या.

अनाथाश्रमाचा विषय इथेच संपवतो. नेपाळमध्ये आश्रमात राहणाऱ्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, शाळेच्या आशेने दुर्गम जिल्ह्यांतून मुलं आणून ठेवलेली असतात, आणि परदेशी पाहुण्यांमुळे काही ठिकाणी त्याचा धंदाच झालाय. आठवडाभर जाऊन मुलांना मांडीवर घेऊन, फोटो काढून, रडून परत येणं यात मुलांचं नुकसानच आहे. यजमानांनी आग्रह केला तरी हे कार्यक्रमात घेऊ नका.

तारखा ठरवताना

नेपाळमध्ये मंडळी शनिवारी भरते, सुट्टी शनिवारी असते म्हणून. त्यामुळे रविवार ते शनिवार असं आपल्या सवयीने प्लॅन केलात तर एकच उपासना मिळते आणि तीही निघायच्या दिवशी. गुरुवारपर्यंत पोचा आणि दोन शनिवार मिळतील असं बघा.

दुसरं, तिथे रोजच्या व्यवहारात विक्रम संवत चालतं. पाळक म्हणाले फागुन १० गते, तर ते आपल्या फेब्रुवारीत येतं, त्यामुळे तारीख नेहमी दोन्ही कॅलेंडरमध्ये लिहून कन्फर्म करा. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, हे ऐकायला मजेशीर वाटतं पण बस चुकते.

महिना म्हणाल तर पावसाळा सरळ टाळा. जून ते सप्टेंबर डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तनहूँ जिल्ह्यात जी बस मर्स्यांगदी नदीत पडली ती तर आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची होती, सत्तावीस जण गेले. मे महिन्याच्या सुट्टीत जायचा मोह होतो पण तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात, तेव्हा आपल्या विदर्भासारखं ऊन असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हवा छान, फक्त दशैं (तिथला दसरा) आणि तिहारच्या (दिवाळीच्या) सुट्टीत लोक गावी जातात, बसला जागा नसते. काही मंडळ्या तरुणांची शिबिरं मुद्दाम त्याच सुट्टीत घेतात, तेव्हा विचारून ठरवा. माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट ते मार्च सगळ्यात बरा.

टीम

सहा ते आठ जण पुरे. त्याच्यावर गेलात की यजमानांच्या घरात झोपायला जागा नाही, जीपमध्ये मावत नाही, आणि तिथल्या ताई दिवसभर चुलीपाशी. महिला सेवेत असतील तर किमान दोघी-तिघी हव्यात, एकटीला नेऊ नका. गाणारे सगळेच असतात, एक नर्स किंवा शिक्षिका, एक हिशोबाचा माणूस आणि एक हाताने काम करणारा, इलेक्ट्रिशियन वगैरे, असं बघा. लीडर एकच ठेवा आणि तो तिथल्या पाळकाचं ऐकणार हे आधीच सगळ्यांच्या देखत ठरवून टाका.

निघायच्या आधी दोन-तीन महिने दर आठवड्याला भेटा. प्रार्थना तर कराच, पण थोडी नेपाळीही शिका. देवनागरीच असल्यामुळे त्यांचं भजनाचं पुस्तक आपल्याला पहिल्या दिवशी वाचता येतं, उच्चार चुकले तरी चालतं, चार गाणी पाठ करून गेलात तर उपासनेत एकदम घरचे होता.

कागदपत्रं, पैसे, हिशोब

विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हीपैकी एक मूळ प्रत. आधार कार्ड चालत नाही, फक्त पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांकडे पासपोर्ट नसेल तर ठरलेल्या नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं ओळखीचं पत्र लागतं. गोरखपूरकडच्या सुनौली बॉर्डरवर चालत जाताना बऱ्याचदा कुणी विचारत नाही हे खरं, पण पुढे हॉटेलात, सिम घेताना, आजारी पडल्यावर लागतंच, तेव्हा पासपोर्टच घ्या, त्याने सगळीकडचे प्रश्न मिटतात.

पैशाचा भाव ठरलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. जाताना शंभरच्या नोटा न्या, मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे बदलत आलेत, त्या भरवशावर राहू नका. शहरात काही दुकानांत भारतीय यूपीआय चालतं, डोंगरात ते धरून चालू नका.

आता जरा कंटाळवाणं पण गरजेचं. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून या ट्रिपचा खर्च करण्याआधी सीएला विचारा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च इन्कम टॅक्सच्या सवलतीत सहसा धरला जात नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. बऱ्याच मंडळ्यांना हे ऑडिटच्या वेळी कळतं. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने आपला खर्च आपल्या खिशातून किंवा नातेवाईक-मित्रांच्या मदतीतून करायचा, ट्रस्टचा संबंध आणायचाच नाही. बजेट काढताना यजमानांच्या घरी जेवण-राहण्याचे पैसे नक्की धरा, ते घेणार नाहीत म्हणतील, तरी पाकिटात घालून शेवटच्या दिवशी पाळकांच्या हातात द्या.

सगळा खर्च काढून झाला की त्यावर पंधरा-वीस टक्के वेगळे ठेवा आणि परतीचे दोन दिवस मोकळे ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला आणि कितीतरी भारतीय अडकून पडले. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे, त्यांचा नंबर निघायच्या आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

जायचं कसं

मुंबईहून एलटीटी-गोरखपूर कुशीनगर एक्सप्रेस, पुण्याहूनही गोरखपूरची गाडी आहे. रिझर्व्हेशन आधी करा कारण या गाड्यांना बारा महिने गर्दी. गोरखपूरहून सुनौली साधारण शंभर किलोमीटर, बस आणि जीप भरपूर. बॉर्डर ओलांडून भैरहवा, तिथून बुटवल, पुढे पाल्पा, पोखरा किंवा काठमांडू. एक नियम टीमला घालून द्या, डोंगरात रात्रीचा प्रवास नाही, म्हणजे नाही. पाच-सहाशे रुपये आणि एक दिवस वाचवायला रात्रीची बस पकडायची नाही, भैरहवा किंवा बुटवलला मुक्काम करा आणि सकाळी निघा. वयस्कर मंडळी असतील तर विमानच बरं.

बॅगेत काय घ्यावं यावर फार लिहित नाही. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून घ्या, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं चिठ्ठीसकट, टॉर्च, शाल, थंडीत गेलात तर थर्मल कारण गीझर विसरा. काठमांडू साधारण चौदाशे मीटरवर आहे, तिथे उंचीचा त्रास होत नाही, पण अडीच हजारांच्या वर जायचं असेल तर सावकाश चढा आणि डोकं दुखायला लागलं तर वर जाऊ नका. उकळलेलं किंवा फिल्टरचंच पाणी. जुने कपडे पोत्यात भरून नेऊ नका, त्यांना नको असतात, बॉर्डरवर प्रश्न विचारले जातात ते वेगळंच. यजमानांना भेट म्हणून चिवडा, बाकरवडी, तिळाचे लाडू न्या, खूप आवडतात.

तिथे गेल्यावर

भेटल्यावर हात जोडून जयमसीह म्हणायचं, लहान मोठे सगळे म्हणतात. मोठ्या पुरुषांना दाजु, बायकांना दिदी, वयस्कर असतील तर बुबा आणि आमा. चर्चमध्ये चपला बाहेर, बऱ्याच ठिकाणी जमिनीवर बसायचं, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका, मादल (नेपाळी ढोलकी) वाजतो, आणि उपासना दोन तास सहज चालते. बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची पद्धत आहे का ते आधी विचारा.

प्रवचन दिलं तर वीस मिनिटांचं तयार करा, भाषांतर धरून ते चाळीस होतं. तराईत हिंदी चालते, डोंगरातल्या आजींना नाही कळत, तेव्हा हिंदी येते म्हणून भाषांतर नको असा हट्ट धरू नका. वाक्य छोटं बोला, थांबा. भाषांतर करणाऱ्याबरोबर आदल्या संध्याकाळी चहावर बसून शास्त्रपाठ आणि उदाहरणं दाखवून घ्या, एवढ्यानेच अर्धं काम होतं. विनोद आणि आपल्याकडचं राजकारण, दोन्ही नको.

भारतीय म्हणून काही गोष्टी जपायच्या. कुणाला गमतीतही बहादूर म्हणू नका. अरे हे तर आपल्या हिमाचलसारखंच आहे, तुम्ही आणि आम्ही एकच, असं प्रेमाने म्हटलेलंही त्यांना टोचतं. २०१५ च्या भूकंपानंतर त्याच वर्षी बॉर्डरवर जी नाकाबंदी झाली, गॅस-पेट्रोल मिळेना, ते लोक विसरलेले नाहीत आणि त्याचं खापर ते भारतावर फोडतात, तुम्हाला पटो न पटो, वाद घालू नका, ऐकून घ्या. तो २५ एप्रिलचा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, म्हणजे मंडळ्या उपासनेत बसलेल्या असताना, आणि काही ठिकाणी छपराखालीच माणसं गेली. त्याबद्दल आपण होऊन खोदून विचारू नका, कुणी सांगायला बसलं तर वेळ द्या. आडनाव विचारून कोण कुठला याचा अंदाज बांधायची आपली सवयही घरी ठेवा, तिथल्या मंडळ्यांत दलित आणि जनजाती (आदिवासी) समाजातली माणसं खूप आहेत आणि आडनावाचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकलाय.

मेडिकल कॅम्प करायचा असेल तर भारतीय डॉक्टरलाही नेपाळ मेडिकल काउन्सिलची परवानगी लागते, ती मिळवायला वेळ जातो. बॅगा भरून औषधं नेऊ नका, तिथेच विकत घ्या. परवानगी नसेल तर कॅम्प नाही, त्याऐवजी नर्सने मंडळीतल्या बायकांना बीपी, शुगर, बाळंतपणातली काळजी याबद्दल सांगावं, तेही चांगलं काम आहे. कॅम्प झालाच तर त्या जागी प्रवचन नको, पत्रकं नकोत.

मुलांमध्ये काम करताना फक्त मंडळीतल्या घरची मुलं, आई-वडिलांना माहीत असताना, आणि तिथले शिक्षक हजर असताना. कुणीही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, हा नियम आपल्या पाळकांनाही लागू. खरं तर वर्ग त्यांच्या शिक्षकांनीच घ्यावा आणि आपण मागे बसून मदत करावी, म्हणजे आपण गेल्यावरही तो चालू राहतो.

फोटो आणि व्हॉट्सॲप

यावर मी सगळ्यात कडक आहे. लाइव्ह नाही, लोकेशन नाही, चर्चचा बोर्ड आणि पाळकांचं नाव असलेला फोटो स्टेटसवर नाही. बाप्तिस्म्याचा फोटो तर काढायचाच नाही. आपल्याला वाटतं दीडशे लोकांचा प्रार्थना ग्रुप आहे, पण तिथून तो स्क्रीनशॉट कुठे कुठे फिरेल आणि कुणाच्या तक्रारीला जोडला जाईल सांगता येत नाही. ग्रुपवर खबर द्यायचीच तर सगळे सुखरूप आहेत, तब्येती बऱ्या आहेत, प्रार्थना करा, एवढं एका माणसाने रोज संध्याकाळी टाकावं. फोटो काढायचे तर पाळकांना विचारून, आणि कुठले दाखवायचे तेही निघायच्या आदल्या रात्री त्यांनाच मोबाईल देऊन निवडायला सांगा.

परत आल्यावर

उपासनेत साक्ष देताना इतके जण तारण पावले असले आकडे सांगू नका. आपण काय शिकलो, त्यांची गरज काय, एवढं पुरे. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पावत्यांसकट हिशोब कमिटीकडे द्या, ज्यांनी मदत दिली त्यांना एक पानाचं पत्र पाठवा.

मग मेसेज सुरू होतात. तिथे ओळख झालेला एखादा तरुण लिहितो, दाजु, फी भरायची आहे. गरज खरीही असेल, पण परस्पर पैसे पाठवू नका, कारण त्या एका मुलाला मिळाले आणि दुसऱ्याला नाही हे गावात चार दिवसांत कळतं आणि निस्तरायला लागतं पाळकांना. त्यांना फोन करा, विचारा, द्यायचेच असतील तर दोन्हीकडच्या कमिट्यांना माहीत असू द्या. आणि पुढच्या वर्षीची तारीख आपण होऊन जाहीर करू नका, त्यांनी पुन्हा बोलावलं तरच जायचं.